चूलबंद आवतण

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९६२

अष्टग्रही पार पडली, जग काही बुडालं नाही आणि मी मुळशीला येऊन पोचलो. पौडपासून पुढे एस.टी.नं हाडं खिळखिळी केली. पण फाट्यावर गेणबा वॉचमननं माझी ट्रंक डोक्यावर घेतली, तेव्हा एकदम साहेब झाल्यासारखं वाटलं.

काय इमारत आहे. धरणाच्या पाण्यालगत तीन मजले, मजल्याला एक ब्लॉक. खालचे दोन अजून रिकामे, नुसती फरशी घालून ठेवलेले. वरचा मात्र हैबतरावांनी हौसेनं सजवलाय. मोझेकची गुळगुळीत फरशी, तीन बाजूंना काचा, बाहेर बॅडमिंटन खेळता येईल एवढी गच्ची आणि न्हाणीघरात पांढराशुभ्र टब. हा ब्लॉक मुंबईच्या बड्या गिऱ्हाइकांना दाखवायचा आणि विकायचा, हे माझं काम. तोवर राहायचंही इथंच. आज टबात आंघोळ केली. पाय लांब करता आले याचंच मला अप्रूप.

हैबतराव मूळचे इथलेच, आता पुण्यात कंत्राटदार. त्यांनी शब्द दिलाय की वरचा ब्लॉक विकला की त्यांच्या पुण्यातल्या चाळीत दोन खोल्या मला. गेल्या जुलैच्या पुरात आमचं नदीकाठचं बिऱ्हाड वाहून गेलं. तेव्हापासून इंदू आणि मनू मेव्हण्याच्या पडवीत गोणपाटाचा पडदा लावून राहतायत. मनू सहा वर्षांची. अजून पाण्याचा आवाज आला की झोपेतून उठून बसते. त्या दोन खोल्या मला मिळाल्याच पाहिजेत. त्यासाठी हे अख्खं तळं विकायला सांगितलं तरी विकेन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

गिऱ्हाईक गावलं. मुंबईच्या एका गिरणीतले मोठे अधिकारी, भाविक गृहस्थ. त्यांची एकच अट, की आधी वास्तुशांत व्हावी आणि आसपासची माणसं जेवून तृप्त होऊन जावीत. जेवणाच्या दिवशीच इसार देणार. रविवार १८ तारीख ठरली. हैबतरावांची चिठ्ठी आली की आमंत्रणं तू कर, तुझी जीभ चालते.

स्वयंपाकाला गोजराबाई येते. पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिचं गाव या पाण्याखाली आहे. सगळे त्याला नुसतं खालचं गाव म्हणतात. पाणी चढलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. बहुतेक लोक वर येऊन वाडीत राहिले, काही म्हातारी माणसं घरं सोडायला तयार झाली नाहीत. त्यांचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आवतणाची रीत तिनं शिकवली. हळदीकुंकवाची अक्षत घ्यायची, पहिली गावदेवीच्या शिळेपुढं ठेवायची, मग घरोघर. ज्यानं अक्षत हातात घेतली त्यानं येणं कबूल केलं. आणि बोलताना "घरटी एक" म्हणायचं, म्हणजे घरातलं एकच माणूस येतं. चूलबंद म्हटलं तर सगळं घर येतं, चूल विझवून, तान्ह्या पोरासकट.

रविवार, ११ फेब्रुवारी

गेणबाला घेऊन सगळी वाडी पालथी घातली. घरटी एक, घरटी एक, म्हणून घसा बसला. देवीची शिळा तेवढी राहिली होती, खरं तर पहिली अक्षत तिची. ती वाडीत नाही, थेट पाण्याच्या काठाशी आहे, खालच्या गावातून उचलून आणून बसवलेली. तोंड पाण्याकडे.

तिथं उभा राहिलो आणि जीभ सैल सुटली. देवीला कुठं वाढायचं आहे, बोलायला काय जातं? अक्षत ठेवली आणि दोन्ही हात पसरून मोठ्यानं सांगितलं की सगळ्या गावाला चूलबंद आवतण आहे, झाडून सगळ्यांनी यायचं. गेणबा माझ्याकडे बघत राहिला.

घरी येऊन फुशारकीनं गोजराबाईला सांगितलं, तर तिच्या हातातला पळा तसाच राहिला. "शिळंम्होरं चूलबंद म्हनलात? ती शिळा वाडीची न्हाई, खालच्या गावाची हाय," म्हणाली. मी हसून म्हटलं, खाली आता मासे राहतात. ती हसली नाही. भात लागला होता, तोही तिनं उतरवला नाही. शेवटी मीच उतरवला.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मेलो. मुंबईचे साहेब आजारी पडले. जेवण, वास्तुशांत, इसार, सगळं महिनाभर पुढं गेलं. दुपारभर गच्चीवर येरझारा घातल्या. दोन खोल्या हातात आल्या होत्या.

गेणबाला वाडीत निरोप द्यायला पिटाळलं. गोजराबाईनं विचारलं की वाडीला सांगाल, खाली कोण सांगणार. मी चिडलो, तिला वाटेल ते बोललो. नंतर वाईट वाटलं.

मन रमेना म्हणून इंदूला पत्र टाकलं की रविवारी चारच्या गाडीनं मनूला घेऊन ये. ब्लॉक रिकामाच आहे. चार दिवस तरी पोर काचेच्या खोलीत झोपेल.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

तळमजल्याच्या दिवाणखान्यात फरशी ओली आहे. सकाळी पुसून घेतली, दुपारी पुन्हा ओली. सिमेंट कच्चं असेल म्हणून नीट बघायला वाकलो.

ओल सगळीकडे नाही. डाग आहेत, बैठकीएवढे गोल. समोरासमोर दोन रांगा, दोन डागांत सारखं अंतर, मधून वाढप्याला जायला वाट. पंगत बसते तसे. काही डाग लहान आहेत.

मी त्या मधल्या वाटेनं पलीकडे गेलो नाही. काय अडलं होतं? फरशीच ती. पण गेलो नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी, सकाळ

मधल्या मजल्यावरही आहेत. चारी खोल्यांत. गेणबानं दारातूनच बघितलं, टोपी काढली आणि खाली उतरला.

गोजराबाईला हाताला धरून आणलं. तिनं लांबूनच हात जोडले. म्हणाली, "चुली इझवून आलीत ती. आता जेवल्याबिगर उटायची न्हाईत." मी विचारलं, किती शिजवू. तिनं डोळे मिटून घरं आठवायला सुरुवात केली, बोटं मोजता मोजता मध्येच थांबली आणि रडायला लागली. एका घरापाशी थांबली. तिची आजी तिथंच मागं राहिली होती.

घरात होते तेवढे तांदूळ शिजवले. एका पानावर भात, वरण, गूळ वाढून पहिल्या डागापुढं ठेवलं. दुसरं वाढायला भात उरला नाही. एवढ्या पंगतीत एक पान. माझी मलाच लाज वाटली.

शनिवार, संध्याकाळ

पानाला कुणी हात लावलेला नाही. आणि आता जिन्यावर आहेत. पायरीला एक.

मी वरच्या पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगतो तसं नाही, खरं. बेत मोडला, चूक माझी, तोंडाला येईल ते बोललो, माझ्या घरात वाढायला काही नाही, मंडळींनी राग मानू नये.

थोड्या वेळानं बघतो तर पायऱ्या कोरड्या होत चाललेल्या. वरून खाली, एकेक. मग मधला मजला. मग खालचा. अंधार पडायच्या आत सगळी इमारत खडखडीत कोरडी. मी जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडलो. उद्या मनू येणार.

रविवार, १८ फेब्रुवारी, सकाळी ८

उंबऱ्यात काहीतरी पिवळं दिसलं. अक्षता. ओल्या, फुगलेल्या. तीन दाणे.

मी हात लावला नाही. गोजराबाईला हाक मारली. ती जिन्यात उभी राहिली, वर येईना. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "तुमचा बेत मोडला, म्हून आता त्येंनीच आवतण धाडलंय." मी म्हटलं, माझ्या एकट्याला ना. तिनं दाण्यांकडे बघितलं. "घरटी एक आसतं तर एकच आला आसता. तीन हायेत. चूलबंद हाय."

मी, इंदू, मनू.

सकाळी १०

गेणबाला म्हटलं, पाण्यात टाकून ये. तो दोन हात मागे बांधून उभा राहिला. मग मीच केरसुणी घेतली. बोट लागू न देता दाणे जिन्यावरून खाली लोटले. कुठं गेले दिसले नाहीत. शोधायला उतरलो नाही—

गोजराबाई निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, की लेकराला हितं आणू नका.

दुपारी २

ठरलं. तीनला निघायचं, फाट्यावर थांबायचं, गाडी आली की त्यांना उतरूच द्यायचं नाही. मीही चढायचं. खोल्या नकोत. पडवी बरी, गोणपाट बरं. इंदू चिडेल, चिडू दे—

नळ बंद आहे. तरी टब भरतोय. तिकडे बघायचं नाही. लिहीत राहिलं की मान तिकडे वळत नाही—

खाली गाडीचा आवाज. एस.टी. इथवर येत नाही.

हैबतरावांची जीप. दोनच तर वाजलेत. त्यांनीच आणलं असणार दोघींना, वाटेत भेटल्या म्हणून, किंवा—इंदू उतरली. मनू—

हाका मारल्या. काचेतून आवाज जात नाही—

मनू वर आली. एकटीच, धावत. एक मूठ झाकलेली. खाली जिन्यापाशी एक आजी बसलीय म्हणते, भिजलेली. तिनं खाऊ दिला. मी म्हटलं उघडू नकोस, टाक ते. तिनं उघडली.

एकच दाणा. बाकीचे कुठं विचारलं तर एक आईनं घेतला म्हणते. आणि तुमचा, बाबा, आजीनं—

माझ्या खिशात. ओलं लागतंय. मी घेतला नव्हता, मी हात लावला नव्हता—

इंदू काचेतून दिसतेय. काठावर. चपला काढून ठेवल्यात तिनं नीट, पंगतीला जाताना काढतात तशा. मनू माझा हात ओढतेय. तिला पाण्याची भीती वाटत नाहीय. चला ना म्हणते, सगळे खोळंबलेत, आपलीच पानं तेवढी—