आबांचा जर्मन पट्टा

३ ऑक्टोबर २००७, बुधवार

सुट्टी! आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उठल्यापासून एकच विषय — पट्टा, पट्टा, पट्टा!

मला वाटत होतं बाबा, म्हणजे माझे सासरे, मिरजेहून इतक्या लांब जर्मनीत आले ते नातीला, ऊर्जाला भेटायला. आज चहा पिताना बॅगेच्या तळातून आबांचा फोटो निघाला. आबा म्हणजे बाबांचे वडील, श्रीरंग पैलवान. १९२९ मध्ये एका सर्कशीबरोबर जर्मनीत आले, इथल्या धंदेवाईक मल्लांच्या फडात उतरले आणि पुढच्या वर्षी 'दक्षिण जर्मनीचा अजिंक्य मल्ल' झाले. असं आबा सांगायचे. किताबाचा पट्टा मात्र आणला नाही. "दिला नाही त्यांनी," एवढंच बोलायचे म्हणे.

आता गावात आबांच्या नावाने तालीम बांधलीय. दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन. बोर्डावर 'अजिंक्यवीर' लिहायचं की नाही यावरून दोन तट पडलेत. "पुरावा आण, मग लिहू!" आणि तो पुरावा शोधायचा कोणी? मी!

माझा नवरा गौरांग नोकरीसाठी सोमवार ते शुक्रवार र्युसेल्सहाइमला. फोनवर म्हणतो, "बघ ना जरा, तुझं जर्मन चांगलं आहे." चांगलं आहे ते ऑफिसच्या मीटिंगपुरतं! सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या कुस्त्या उकरायला नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

सापडला. पट्टा खरंच आहे! ब्योब्लिंगेनच्या पुढे एका गावात जुना कुस्ती क्लब आहे, त्यांच्या साइटवर फोटो होता. एस-बान लोकल, मग बस, मग पावसात चढण. बाबा पुढे, मी मागे धापा टाकत.

क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात पट्टा. कातडं तडकलेलं, पितळ काळवंडलेलं. खाली दरवर्षीच्या विजेत्याचं नाव कोरलेल्या छोट्या पट्ट्या. बाबा नाक काचेला लावून उभे.

"१९३० वाच."

वाचलं. ऑयगेन बॉयर्ले. आबांचं नाव कुठेच नाही.

"खोटं आहे," बाबा म्हणाले. सरळ! आणि हे कपाट दाखवायला आलेले म्हातारे गृहस्थ कोण? तर हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयर्ले! त्या ऑयगेनचे चिरंजीव!

पुढचा वेळ आठवला तरी डोकं दुखतं. दोन म्हातारे, मध्ये मी.

"यांना सांग, माझे वडील जिंकले होते."

"यांना सांगा, माझे वडील जिंकले. नाव आहे. श्लुस!"

"काय म्हणाला?"

"म्हणाले, विषय संपला."

"संपला कसा? विचार त्याला, हा पट्टा दिला कोणी?"

हेर बॉयर्लेंनी सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. हा किताब कुठल्या संघटनेचा नव्हताच. एका तंबूवाल्याने पट्टा बनवून घेतला आणि किताबही त्यानेच काढला. तो गावोगाव कुस्त्यांचे तंबू लावायचा. "गेनाऊ, अगदी तसंच, तेव्हा प्रत्येक तंबूत एक अजिंक्यवीर असायचा," म्हणाले. कोण जिंकणार हेसुद्धा बरेचदा तंबूवालाच आधी ठरवायचा. तंबू बंद पडला, पट्टा क्लबकडे आला.

म्हणजे यासाठी ही पायपीट!

निघताना मात्र बाबा खुर्चीत बसले ते उठेचनात. म्हणाले, "शमिका, एवढं एक सांग त्याला. मी लहान असताना आबा बाजारात निघाले की पोरं मागून ओरडायची, जर्मन पैलवान, पट्टा दाखव! आबा मागे वळून बघायचे नाहीत. मी दगड मारायचो पोरांना. घरी आलो की आबा मलाच मारायचे. पुढे पुढे त्यांनी बाजारात जाणंच सोडलं."

मी सांगितलं. जसंच्या तसं. हेर बॉयर्ले उठले. बाबांचा कोट स्वतः आणून दिला.

७ ऑक्टोबर, रविवार

बाबा सकाळपासून खुर्चीत. टीव्ही मोठ्याने चालू. त्यांना कळत नसलेल्या भाषेतला!

११ ऑक्टोबर, गुरुवार

मीटिंग चालू असताना फोन. हेर बॉयर्ले. "शनिवारी पुन्हा या. वृद्ध गृहस्थांना घेऊन. मी सगळं सांगितलं नव्हतं."

आता काय आणखी? पुन्हा ती बस, पुन्हा तो चढ! शनिवारी ऊर्जाचा पोहण्याचा क्लासही आहे. गौरांगला म्हटलं, तू ये. "अगं, या शनिवारी नेमकं काम आहे." नेमकं! दर वेळी नेमकं!

१३ ऑक्टोबर, शनिवार

हेर बॉयर्लेंनी घरी बोलावलं. प्लमचा केक केला होता. त्यांची मुलगी ऊटे कॉफी देऊन आत गेली.

मग ते बोलायला लागले. हळूहळू, मला भाषांतर करता यावं म्हणून थांबत थांबत. १९३० ची शेवटची कुस्ती. तंबूवाल्याने ठरवलं होतं, गावचा ऑयगेन जिंकणार, हिंदुस्थानी हरणार. आबांनी मान्य केलं. ऑयगेनशी हात मिळवला. पण तंबू गच्च भरलेला, लोक ओरडतायत — आणि आबा हरलेच नाहीत. खरी कुस्ती खेळले. ऑयगेनला उचलून चीत केलं.

"माझ्या वडिलांचे दोन्ही खांदे जमिनीला लागले होते," हेर बॉयर्ले म्हणाले. "ते स्वतः सांगायचे. तरी तंबूवाल्याने त्यांचाच हात वर केला, आणि तुमच्या वडिलांना पहिल्या गाडीत बसवून दिलं. पट्टा तुमचा आहे, हेर दीनानाथ."

मी भाषांतर केलं. वाटलं, संपलं! सुटले! आता बाबा नाचतील.

बाबांनी केकची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "विचार त्यांना. हात मिळवला होता? हरतो म्हणून?"

विचारलं. "या," म्हणजे हो, ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले. "हात मिळवला होता."

"म्हणजे आबांनी शब्द मोडला."

अहो, बाबा! जिंकले ना! तुम्हाला हवं तेच झालं ना! — हे सगळं मी मनात. तोंडाने एवढंच म्हटलं, "केक घ्या."

१५ ऑक्टोबर, सोमवार

बाबांनी रात्रीही जेवण टाकलं. आमटीभात तसाच. ऊर्जा विचारते, "ओपाला काय झालं? वारुम इस्ट एर ट्राउरिश?" आजोबा उदास का, म्हणून. काय सांगू? म्हटलं, पणजोबा जिंकले म्हणून!

मला म्हणाले, "आबांनी मला शाळेत घालताना एकच गोष्ट शिकवली, पोरी. बोललास तर कर. आणि जन्मभर तेच बाजारात मान खाली घालून चालायचे. मला वाटायचं, लोक खोटं ठरवतात म्हणून. आता कळलं, मान कशासाठी खाली होती."

हरले असते तर दुःख, जिंकले तर जास्त दुःख! या घराण्याचं मी काय करू!

२० ऑक्टोबर, शनिवार

बाबांना फ्रँकफुर्टला सोडलं. हेर बॉयर्ले विमानतळावर आले होते, एवढ्या लांब, पट्टा पिशवीत घालून! बाबांनी हात जोडले, पट्टा घेतला नाही. त्यांचे दोन्ही हात हातात धरून मराठीत म्हणाले, "आबांच्या वतीने माफी मागतो." मी भाषांतर केलं. हेर बॉयर्लेंचा चेहरा विचित्र झाला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

दाटून आलं असेल.

गौरांग पार्किंग शोधत होता. अर्थात!

१० नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

बाबांचा फोन. मागे हलगी वाजत होती. आवाज वीस वर्षांनी तरुण झालेला! बोर्डावर नुसतं 'श्रीरंग पैलवान तालीम' लिहिलं. अजिंक्यवीर नाही. मग स्टेजवर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं — आबा जिंकले होते, पण दिलेला शब्द मोडून जिंकले. म्हणून पट्टा मी आणला नाही. आबांच्या वतीने त्या शब्दाची माफी मागतो.

"आणि लोक?" मी विचारलं.

"आधी एक म्हातारा उठला. पट्टा दाखव म्हणून ओरडणाऱ्यांतलाच. त्याने आबांच्या फोटोला हार घातला. मग रांगच लागली. पोरी, मला आज पोटभर जेवण गेलं."

मीही रडले. एवढं वैतागून शेवटी रडलेच.

१९ नोव्हेंबर, सोमवार

ऊटेचा फोन. क्लबमध्ये भांडण झालंय, क्लबचा पट्टा द्यायला निघाले, स्वतःच्या बापाची बदनामी केली म्हणून सगळे हेर बॉयर्लेंवर तुटून पडलेत. तेव्हा त्यांनी तिला खरं काय ते सांगितलं. ऑयगेन त्या कुस्तीबद्दल घरात कधी एक अक्षरही बोलले नव्हते. कोण जिंकलं, कसं जिंकलं, हेर बॉयर्लेंना काहीच माहीत नाही. खांदे, हात मिळवणं, सगळं त्यांनी रचलं. "तुमच्या सासऱ्यांचं ते बाजाराचं ऐकून त्यांना राहवलं नाही," ऊटे म्हणाली. "वडील विनंती करतायत, तुमच्या सासऱ्यांना हे सांगू नका."

बाबांनी अख्ख्या गावासमोर ज्या शब्दाची माफी मागितली, तो बहुतेक कोणी दिलाच नव्हता.

रविवारी बाबांचा फोन येईल. गौरांगला अजून काही बोलले नाही.