पुढाऱ्याची भीती

रविवार, संध्याकाळ

आज दुबईतल्या ऊद मेथाच्या चर्चमध्ये पाळकांनी इस्राएलच्या बारा सरदारांची गोष्ट सांगितली. नवा देश पाहायला गेलेल्या त्या बारांपैकी दहा जण घाबरून परतले आणि अख्खी छावणी रडत बसली. "पुढाऱ्याची भीती लोकांना लागते," म्हणाले, आणि लगेच इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या कुटुंबांची पुढारी म्हणून माझं नाव जाहीर केलं. माझं!

उपासना संपताच शीलावहिनींनी माझा हात धरला. त्यांच्या मिस्टरांची नोकरी गेलीय. "ताई, व्हिसाचं होईल ना काही?"

"होईल हो, इन्शाल्ला."

"हात किती गार तुमचे!"

"एसीमुळे."

परवा माझीही नोकरी गेली. आमच्या घरातल्या सगळ्यांचे व्हिसा त्याच नोकरीवर. कुणाला सांगू?

घरी येऊन आधी एसी बंद केला. हात अजून गारच आहेत.