नसलेली कावीळ

दादा,

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. मी तुमच्याशी अजून भांडतेच, पण समोरून उत्तर येत नाही म्हणून भांडणात आता पहिली मजा राहिली नाही. आज लिहायला बसले त्याला कारण एक कागद आहे. तुमची लेक तिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला निघालीय, विद्यापीठात, मानसशास्त्र शिकायला. हसू नका. बारावीनंतर माझी चार वर्षं कोरी गेली, ती कशात गेली हे प्रवेशाच्या वेळी शपथेवर लिहून द्यावं लागतं. गॅपचं प्रतिज्ञापत्र म्हणतात त्याला. नंतर बाहेरून केलेली बी.ए. आणि त्यापुढची नोकरीची वर्षं सांगायला सोपी आहेत. ती चार वर्षं मात्र घशात अडकली.

गंमत अशी की असे कागद करणं हाच माझा धंदा आहे. वारंगा फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान आहे, तिथं मी सहा वर्षं बसते. पोरी येतात, गॅप पडलेला असतो, आणि मी न विचारताच टाइप करते, 'घरगुती अडचणीमुळे पुढील शिक्षण घेऊ शकले नाही.' या एका वाक्याखाली कोणाचं मोडलेलं लग्न असतं, कोणाचं काय. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. माझी पाळी आली तेव्हा दुकानाचे मालक म्हणाले, "ताई, तेच वाक्य टाका की. काहून उगाच झंझट? खरं लिवलं अन् त्यांनी प्रवेशच न्हाई दिला तर?" त्यांचं चुकत नव्हतं. माझी बोटं त्या वाक्याला इतकी सरावलेली आहेत की ते डोळे मिटूनही लिहिता येईल. पण लिहिता येईना. समोर कर्सर लुकलुकत राहिला आणि मला तुम्ही आठवलात, आणि तुमची ती कावीळ.

बारावीनंतर मला डॉक्टर करायचं म्हणून तुम्ही नांदेडला क्लास लावलात. पाच महिन्यांत मी परत आले. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. अंघोळ करणं डोंगराएवढं वाटायचं. भूक नाही, झोप नाही, आणि मरून जावं हा एकच विचार चिकटून बसलेला. मी मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुम्ही मला एका मनाच्या डॉक्टरांकडे नेलंत, हे मी कधीच विसरणार नाही, कारण आपल्या गावातला दुसरा कोणताही बाप आधी अंगारा घेऊन आला असता. पण त्याच दवाखान्यात तुम्ही टोपी हातात घेऊन विचारलंत, "साहेब, चिठ्ठीवर कावीळ लिवलं तर न्हाई का चालणार?" डॉक्टर हसले. म्हणाले, "मग औषधवाला काविळीची गोळी देईल हो." तुम्ही ओशाळलात, पण गावात उतरेपर्यंत तुमचं ठरलेलं होतं. फाट्यावर पहिला माणूस भेटला त्याला तुम्ही सांगितलंत, लेकराला कावीळ झालीय, आराम सांगितलाय.

आणि मग सगळं गाव त्या काविळीच्या सेवेला लागलं. ज्या गावात हळदीशिवाय बोलणं नाही, त्या गावात मला हळद बंद झाली. तेल बंद, तिखट बंद. शेजारच्या मावशी रोज उसाचा रस पाठवायच्या, कोणी फुटाणे, कोणी मुळा. ऐन हंगामात अंगणात हळद वाळत घातलेली, आणि मला तिथं पाऊल टाकायची मनाई, का तर काविळीला हळदीचा वाराही नको. कोणी काढलं होतं हे शास्त्र, देव जाणे. मला तर तेव्हा तेवढं एकच करावंसं वाटत होतं, बायांमध्ये बसून हळदीची मुळं खुडावीत, हात पिवळे करावेत, कोणाशी न बोलता. तेही गेलं. तुम्हाला हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच तुम्ही माझ्यासोबत तो पांढरा फटक वरणभात खायला लागलात. माय म्हणायची, "तुमाला कुटं झालीय कावीळ?" तुम्ही म्हणायचात, "लेकरू एकलंच कसं खाईल?" दिवसभर परक्यांच्या शेतात हळद शिजवायचा कुकर चालवायचा, वाफेनं अंग भाजून घ्यायचं, अंगाला कपड्याला हळदीचा वास, आणि घरी येऊन बिनहळदीचं वरण. अडीच महिने. मला तेव्हा त्याची किंमत नव्हती. उलट वाटायचं, यांना माझ्या आजाराची एवढी लाज आहे की त्यासाठी वरणसुद्धा फिकं खातील.

लाज होतीच, दादा. ते नाकबूल करू नका. मामाची पोरगी भेटायला आली तेव्हा मी तिला खरं सांगितलं, की कावीळ नाही, मनाचं आहे. तुम्ही दारातून ऐकलंत. ती गेल्यावर जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "पुन्हा ह्ये बोलली तर याद राख! मनाचं म्हनलं की लोक येडी म्हणतेत. जनमभर म्हणतेत!" ते ओरडणं भीतीचं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्यात काहीतरी असं आहे ज्याचं नावसुद्धा घरात घेता येत नाही. त्या दिवसानंतर मी मायशीही बोलेनाशी झाले.

पण खरं भांडण त्याचं नाही. खरं भांडण माळेचं आहे. कावीळ उतरवणारे एक म्हातारे बाबा मावशींनी घरी आणले. त्यांनी बारीक काड्यांची माळ माझ्या डोक्यावर ठेवली. ती माळ आपोआप लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेपर्यंत, आणि पायापर्यंत उतरली की कावीळ गेली. माझी माळसुद्धा उतरली! नसलेली कावीळ नेमानं उतरत गेली, आणि मावशी रोज येऊन कौतुकानं बघून जायच्या. गोळ्यांनी तोवर मला थोडं बरं वाटत होतं. मी उठत होते, केस विंचरत होते. एक दिवस माळ पायापर्यंत आली. मायनं गोड शिरा केला, वरणात हळद पडली, गल्लीत साखर वाटली. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गोळ्यांचा डबा माळ्यावर ठेवून दिलात. "बरी झाली आता. कशाला उगा?" म्हणालात. वर्षभर तरी घ्यायच्या असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उतरलेल्या काविळीवर कोणी गोळ्या घेतं का? लोकांनी पाहिलं तर काय सांगणार? तुम्ही सांगितलेलं खोटं शेवटी तुम्हालाच खरं वाटायला लागलं होतं.

पुढच्या हंगामात मी पुन्हा पडले, पहिल्यापेक्षा खोल. तुम्ही तेव्हा हट्टा गावाकडे कुकर घेऊन गेला होतात. मी मायला म्हणाले, मला आता जगायचं नाही. मायनं तुम्हाला फोन लावला. पुढचं मला फार उशिरा कळलं, तुमच्या तेराव्याला, ज्यांच्या शेतात तुमचा कुकर होता त्या शेतकऱ्याकडून. ते सांगत होते, कुकरला वाफ धरलेली, डब्यांत हळद भरलेली, आणि तुम्ही गाडीला किक मारलीत. ते ओरडले, "अहो, हळद चढलीय, कुटं निघाले?" बारा वर्षांत अर्धी शिजलेली हळद तुम्ही कधी सोडली नव्हती. काडी टोचून स्वतः पाहिल्याशिवाय डबा उतरवू द्यायचा नाहीत. तुम्ही म्हणालात, "माज्या लेकीचं मन आजारी हाय. मी तिच्या गोळ्या बंद केल्या, चूक माजी हाय. तिला न्यायचंय." चार गडी ऐकत होते. ते शेतकरी मला म्हणाले, "पोरी, आमी काय बोलनार? म्हनलं, जावा, हळदीचं मी बघतो." हळद जास्त शिजून गेली म्हणे. ते तुम्हाला कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी तुम्ही मला पुन्हा त्याच दवाखान्यात नेलंत. नंतर जगलात तोवर रोज सकाळी चहाबरोबर गोळी माझ्या तळहातावर ठेवत होतात, दार उघडं टाकून, कोण बघतंय याची पर्वा न करता. तेव्हा मला वाटलं, थकले असतील लपवून. कुठं काय बोलून आला होतात हे तुम्ही सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तुम्हाला बोलायचं म्हटलं की अंगावर काटा.

तर गेल्या आठवड्यात मी मालकांचं ऐकलं नाही. टाइप केलं, 'मानसिक आजारावरील उपचारांमुळे शिक्षणात खंड पडला. उपचार सुरू आहेत.' दुसरं वाक्य लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं. ज्या विषयाला जायचंय त्याच्या उंबरठ्यावरच आपलं दुखणं लपवलं, तर पुढं समोर बसलेल्या पोरीला कोणत्या तोंडानं म्हणणार की बोल बाई, मनातलं सांग? मालक चष्मा वर करून वाचत राहिले आणि शेवटी म्हणाले, "शिक्का बराबर मारून घ्या, पुसट नको." कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी मी ओळीत उभी राहिले. टेबलामागच्या मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, झालं, गेला प्रवेश. त्यांनी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?" म्हटलं, हो. "मग ठीक. मध्ये जड गेलं तर येऊन सांगायचं. परस्पर वर्ग सोडायचा नाही." आणि सही केली. एवढंच. प्रवेश मिळालाय, दादा. सोमवारी पहिला तास आहे. माय कालपासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगतेय, आणि विषय विचारला की ठसक्यात सांगतेय, "मनाचं शिकनारंय."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. आनंदाचं होतंच, पण दुसरंही होतं. शपथेवर खरं लिहून आले खरी, पण एक गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही, डॉक्टरांना नाही, मायला नाही, आणि वर तुमच्यावर मात्र अकरा वर्षं डूख धरून बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं लिहिते.

आपण डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आदल्या दिवशीची दुपार. मी पांघरुणात होते, तुम्ही उशाशी बसला होतात. मावशी आत आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं वो पोरीला?" तुम्ही तोंड उघडलंत. तुम्ही काय सांगणार होतात हे मला कधीच कळणार नाही, कारण त्याआधीच पांघरुणातून मी म्हणाले, "कावीळ." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, "व्हय. कावीळच हाय."