आठ तुकड्यांतून करवतीने खाल्लेले लाकूड

मी खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, राहणार कारखान्यामागच्या तीन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका आहे, डोक्याबद्दल कोणाला नाही. सूनबाईला थोडी आहे, पण ती तसे लेखी द्यायला तयार नाही. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरणाचा विचार करायला सवड मिळाली नव्हती.

माझे वारस दोन. थोरली मुलगी, लहान मुलांच्या दवाखान्यात औषधे बनवून देते. धाकटा मुलगा, बस चालवतो आणि माझ्याजवळच राहतो. माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सगळे गाव तिला बाई म्हणायचे, मग मीही म्हणू लागलो.

कलम १. राहते घर थोरली आणि धाकटा यांना निम्मे निम्मे. धाकटा हल्ली माझाच टेप घेऊन मधल्या खोलीत काहीतरी मोजत असतो, ते मला दिसते. बाबा रे, मधे भिंत घालू नकोस. नऊ इंची भिंत निम्म्यातही येत नाही आणि दुसऱ्या निम्म्यातही नाही. ती जागा दोघांचीही जाते. कपाट हवे तर लाव, माझ्या हातचे आहे, पोटमाळ्यावर पडले आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल त्याचे तीन समान भाग करावेत. एक थोरलीचा, एक धाकट्याचा, एक लाकडाचा. लाकूड कशासाठी ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ३. मोठा रंधा शेजारच्या शिंप्याकडे आहे. दरवाजा घासायला म्हणून एका दिवसाच्या बोलीने नेला, त्याला अकरा वर्षे झाली. तो त्यालाच दिला असे समजावे, म्हणजे मेल्यावर तरी माझा जीव त्यात अडकायचा नाही. बाकीची हत्यारे, म्हणजे करवती, पटाशा, गुण्या, कानशी आणि बाकडे, कारखान्यासोबत जातील.

कलम ४. शाळेचे जुने मुख्याध्यापक अजून हयात आहेत आणि सकाळी फिरायलाही जातात. त्यांनी माझी लाकडी तुकड्यांची पेटी 'सुरक्षित राहावी' म्हणून दोन वर्षे कपाटात कुलूप लावून ठेवली होती. त्या दोन वर्षांत एकही तुकडा हरवला नाही आणि एकही मूल शिकले नाही. त्यांना मी ते कुलूप देतो. किल्ली देत नाही.

कलम ५. पेटी. हेच खरे मृत्युपत्र आहे, बाकीचे कागद भरण्यापुरते.

मी चौथीत शाळा सोडली ती अपूर्णांकांमुळे. आकड्यावर आकडा, मधे रेघ, आणि खालचा मोठा झाला की सगळेच लहान होते म्हणे. मला ते थोतांड वाटले. पुढे मी सुतारकाम शिकलो. इंचाचे आठ सूत, सुताचा अर्धा, दीड इंची खिळा, पाऊण इंची फळी, सव्वा दोन फुटी खुर्ची, अडीच फुटी टेबल, असे दिवसातून शंभरदा बोलत होतो. अडतिसाव्या वर्षी बाईने मला तिच्या वर्गासाठी लाकडी वर्तुळे करायला सांगितली: एक अख्खे, एकाचे दोन तुकडे, एकाचे चार, एकाचे आठ, आणि ती चारही आळीपाळीने नीट बसतील अशा गोल खाचेचा एक पाट. मी ती पोचवायला गेलो आणि मागच्या बाकावर टेकलो. सात-आठ वर्षांची मुले माझे तुकडे खाचेत बसवत होती. दोन पाव ठेवले की अर्धा झाकला जातो, दोन अष्टमांश ठेवले की पाव. एक मूल म्हणाले, "बाई, हे लहान होत जातंय, पण संपत नाहीये." मी आयुष्यभर जे हातांनी करत आलो होतो तेच ते चौथीतले भूत होते. त्या दिवशी मी कारखान्यात परत आलो आणि बराच वेळ नुसता टेपकडे बघत बसलो. इतक्या बारीक रेघांत इतके काही भरलेले आहे, आणि मी त्यावर रोज हात फिरवत होतो.

बाई गेल्यापासून दर शनिवारी या तुकड्यांची पेटी शाळेत मीच नेतो. मुले मला गोलआजोबा म्हणतात. माझ्यानंतर पेटी जो चालवेल त्याने एवढे पाळावे.

चाकू आधी, आकडा शेवटी. काकडी दोघांत वाटावी, मग चौघांत, मग आठ जणांत. तोवर फळ्यावर काही लिहू नये. पाव मोठा की अष्टमांश, असे विचारले की निम्मा वर्ग अष्टमांश म्हणतो, कारण आठ चारापेक्षा मोठा. त्यांना समजावत बसू नये. त्यांच्या हातावर आठवा तुकडा ठेवावा आणि शेजारच्याच्या हातावर चौथा. भांडण होईल, होऊ द्यावे. शिकवायचे ते त्या भांडणातच शिकवून होते.

कागदाची पट्टी घडी घालत जायची: अर्धी, पाव, अष्टमांश. सहावी घडी बोटांना जड जाते, सातवी पडतच नाही. एकदा एका मुलीने दाताने दाबून पाहिले. मग म्हणाली, "आजोबा, घडी संपली. पण अर्धं अजून आहे ना आत?" अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला कोणी याहून मोठा प्रश्न विचारला नाही. मी होय म्हणालो.

तीन भाग घडीने नीट जमत नाहीत, मुले रडकुंडीला येतात. तेव्हा सात इंच रुंद फळी काढावी. साताला तिनाने भाग जात नाही, हे मुलांनाही कळते. मग इंचाची पट्टी फळीवर तिरकी ठेवावी: शून्य एका कडेला, नऊ दुसऱ्या कडेला. तीनवर एक खूण, सहावर एक खूण. फळीचे तीन समान भाग झाले. हे मला माझ्या उस्तादाने शिकवले होते आणि त्याला त्याच्या. असे का होते, हे आमच्यापैकी कोणी कोणाला विचारले नव्हते. ते पहिल्यांदा बाईने विचारले. तिने आठवडाभर कागदावर रेघा मारून ते शोधून काढले आणि मला चहा पिताना समजावले. मला अजूनही ते नव्यानेच कळल्यासारखे वाटते.

तुकडे हरवणारच. ओरडू नये, नवे करावेत. त्याच्यासाठीच कलम २ मधला लाकडाचा भाग आहे.

कलम ६. कारखाना, हत्यारे आणि पेटी हे सर्व मी थोरलीला देतो. धाकट्याला याचे वाईट वाटणार नाही. त्याला खिळासुद्धा सरळ मारता येत नाही आणि ते तो हसत सांगतो. पण थोरली हे घेईल की नाही याची मला खात्री नाही. चाळीस वर्षे ती कारखान्यात आलेली नाही. घरी येते, माझी औषधे बघते, दारात उभी राहून "बाबा, चहा झालाय" म्हणते आणि मागे फिरते. कारण मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, आणि बाईला ठाऊक होते. आता ते लिहितो.

तो पहिला संच शाळेत देऊन महिना झाला होता. सुट्टीत बाईने तो घरी आणला. थोरली तेव्हा आठ वर्षांची. ती दिवसभर कारखान्यात भुशात बसून तुकडे लावत असे. एक दिवस पाट हातात घेऊन माझ्याकडे आली. अख्खे वर्तुळ खाचेत ठेवून तिने पाट हलवला, आवाज नाही. दोन अर्धे ठेवून हलवला, किंचित आवाज. चार पाव ठेवले, थोडा जास्त. आठ तुकडे ठेवून हलवला तर खडखड वाजले.

मी म्हणालो, "तू घासलेस ना हे? पॉलिश पेपर घेऊन बसली होतीस कालपासून."

"नाही बाबा, मी पेपरला हातसुद्धा लावला नाही. जितके जास्त तुकडे, तितका जास्त आवाज. तुमची करवत खाते लाकूड."

"शाळेची वस्तू खराब करायची आणि वर तोंड करून बोलायचं?"

"भुसा बघा ना खाली. तो यातलाच आहे."

गिऱ्हाईक समोर उभे होते, तेही हसले. मी तिला अंगणात भिंतीकडे तोंड करून तासभर उभे केले. ती रडली नाही. तासाने आत आली, पाट बाकड्यावर ठेवला आणि गेली. ते तिचे कारखान्यातले शेवटचे पाऊल.

चार दिवसांनी मी नव्या लाकडाचा, कोणाचाही हात न लागलेला संच कापला. पाट हलवला. खडखड वाजले. मी करवतीची जाडी मोजली, अर्धा सूत. प्रत्येक कापात अर्धा सूत लाकूड भुसा होऊन खाली पडत होते. वीस वर्षे कापत होतो, रोज संध्याकाळी झाडून बाहेर टाकत होतो, आणि मला दिसले नव्हते. आठ वर्षांच्या पोरीने ते कानाने ऐकले. मी भुशात बसलो. भीतीच वाटली मला. आपल्या घरात इतके काही जन्माला आले आहे आणि आपण त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले, याची.

तेव्हापासून मी रेघेच्या बाहेरून कापतो. एका वर्तुळातून आठांपैकी चारच तुकडे पूर्ण निघतात, मधले चार बारीक होतात आणि टाकावे लागतात. म्हणून आठ खरे अष्टमांश हवे असतील तर दोन वर्तुळे कापावी लागतात. हे पुढच्या माणसाने विसरू नये.

हे मी थोरलीला कधी सांगितले नाही. बापाने पोरीसमोर चूक कबूल करायची म्हणजे काय, अशी तेव्हा अक्कल होती. बाईला सांगितले. ती म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा." पुढे दर वर्षी एकदा ती मला हेच विचारायची, वार्षिक परीक्षा घेतल्यासारखी, आणि दर वर्षी मी नापास होत गेलो.

तर थोरले, तुझे बरोबर होते. लाकूड करवतीने खाल्ले होते. मी तुला विनाकारण शिक्षा केली आणि चाळीस वर्षे भित्र्यासारखा गप्प बसलो.

कलम ७. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. वरचे वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले की ही पुन्हा पळवाटच झाली. म्हणून कलम ६ मी उद्या रविवारी थोरलीच्या घरी जाऊन स्वतः वाचून दाखवणार आहे. बाकीच्या कलमांनी माझ्या मरणाची वाट पाहावी.

सही: गोलआजोबा, सुतार
साक्षीदार: शेजारचा शिंपी (रंधा मिळाला)
साक्षीदार: डॉक्टर
ठिकाण: कारखान्यातले बाकडे. तारीख: मार्चची नऊ, शनिवार

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून लिहितो.

रविवारी थोरलीच्या स्वयंपाकघरात मी कलम ६ वाचले. तिने गॅस बंद केला आणि उभ्यानेच ऐकले. मग म्हणाली, "तुमच्या पुढच्या संचांचा आवाज येत नव्हता. आईनं आणलेला प्रत्येक संच मी हलवून बघायचे. तुम्हाला कळलंय, हे मला माहीत होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी एकदा बोलले होते."

मग तिने मला तिचे काम सांगितले. सात किलोच्या बाळाला पाव गोळी लागते. दुसरे लोक गोळी मोडून चार तुकडे करतात. थोरली तसे करत नाही. मोडताना भुकटी सांडते आणि चार तुकड्यांत मिळून अख्खी गोळी उरत नाही. ती गोळ्या कुटते, तराजूवर तोलते आणि पुड्या बांधते. पंचवीस वर्षे. दवाखान्यात तसा नियम नव्हता, तिच्यामुळे झाला. अंगणातल्या त्या तासातून ती एवढे घेऊन निघाली होती.

मी पेटीचे विचारले. ती म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडलंत. आता मुलांसमोर सांगा. मग बघू."

काल शनिवारी ती रजा काढून शाळेत आली आणि वर्गात मागे उभी राहिली. एकतीस मुले. मी पाट हलवून दाखवला, सगळे सांगितले, काही लपवले नाही. पहिल्या बाकावरच्या, पुढचे दात पडलेल्या एका मुलीने हात वर केला.

"आजोबा, मग तुम्हाला कोणी उभं केलं?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

वर्गात कुजबुज झाली. वर्गशिक्षिका मुलांना गप्प करू लागल्या. मुलीने मागे वळून थोरलीला विचारले, "मावशी, तुम्ही किती वेळ उभ्या होता?"

"एक तास."

"मग आजोबांनी पण एक तास."

एकतीसच्या एकतीस मुलांना हे बरोबर वाटले, आणि मलाही. मी काठी बाकाला टेकवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून थोरलीचा आवाज आला, "पाव तास पुरे. त्यांचा गुडघा दुखतो."

मोठा काटा बारावरून तीनवर जाईपर्यंत मुलांनी मोठ्याने मिनिटे मोजली. पंधरा झाल्यावर कोणीतरी माझा हात धरून मला वळवले. थोरली होती.

पेटी तिने स्वीकारली आहे. उरलेला पाऊण तास तिने मला माफ केला आहे. दोन्हींची नोंद व्हावी.

सही: सुतार, थोरलीचा बाप
साक्षीदार: वर्गशिक्षिका
साक्षीदार: शेजारचा शिंपी
ठिकाण: कारखाना. तारीख: मार्चची सतरा, रविवार