मरळीचा खवला आन् भिंगारचं घर

मी, शालोम हसाजी आष्टमकर, वय ८१, मिलिटरीच्या वर्कशॉपातला रिटायर फिटर, धर्म यहुदी, बेने इस्राएल, राहनार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर म्हंजे आपलं नगर. आज मंगळवारी सकाळी दहा वाजता चहा पिऊन, पूर्ण शुद्धीवर राहून ह्ये मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर कुनाचा दबाव न्हाई. कुनी टाकून तर बगावा. डोकं जाग्यावर हाय. डावा गुडघा न्हाई, पन सही काय गुडघ्यानं करायची न्हाई.

वकिलानं एक छापील नमुना दिलता. त्यात "सदरहू" आन् "उपरोक्त" असले शब्द. मी सातवी शिकलेला मानूस. दोनदा वाचला, दोनदा राग आला. म्हनून माझ्या बोलीत लिहितो. ज्याला कळनार न्हाई त्यानं मोठ्यानं वाचावं. याच्या आधी मी कुठलंबी मृत्युपत्र केलेलं न्हाई.

कलम १. मेल्यावर मला पुन्याला आमच्या कब्रस्तानात, माझी बायको दीना हिच्या शेजारी पुरावं. हार, फोटो, भाषन काय करू नये. आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. भिंगारात आता मी एकटाच उरलोय, आन् त्या दिवशी मीबी मोजायच्या कामाचा नसंन. पुन्याचे दहा आले तर बरं. न्हाई आले तर जे असतील त्यांनी मराठीत दोन शब्द बोलावेत. देवाला मराठी येतं.

कलम २. माझा मुलगा एली, राहनार अश्दोद, इस्राएल. त्याला माझ्या बापाचं प्रार्थनेचं पुस्तक, शाल, माझं घड्याळ आन् पोस्टातली सगळी शिल्लक. घर न्हाई. त्याचं तिथं चौथ्या मजल्यावर स्वतःचं घर हाय, लिफ्टसकट.

एली पोरगा चांगला हाय, पन तिकडं गेल्यापासनं लई कडक झालाय. दर शुक्रवारी मोबाईलवर दिसतो आन् पहिला शब्द, "पप्पा, कॅमेरा माशावर धरा."

मी धरतो.

"कातडं दाखवा. धर्मात चालतो असा शिक्का कुठाय?"

"अरं, बाजारातल्या मनकर्णाच्या पाटीत कसला शिक्का? नगरपालिकेचा?"

"पप्पा, शिक्क्याबिगर खात्री कशी करायची?"

"डोळ्यानं! तुझ्याकडं माशावर शिक्का असतो, आमच्याकडं माशावर खवले असतात."

मंग त्याची बायको मागनं हसते. एली, ह्ये तुला सरकारी कागदावर लिहून देतो. मी मेल्यावर तुझ्या बहिनीला फोनवर मासा दाखवायला लावू नको.

कलम ३. आता घर. पन घराच्या आधी मासा सांगावा लागंल. वकील म्हनला, "काका, मृत्युपत्रात मासे कशाला?" मी म्हनलं, "पोरगी माशापायी तुटली. लिहा." त्यो लिहीना. म्हनून ह्ये मीच लिहितोय, आन् त्याला फी निम्मीच देनार.

आमच्यात पान्यातला जीव खायचा तर त्याला दोन खुना पायजेत, पर म्हंजे पोहायचे पंख, आन् खवले. दोनी पायजेत, एक असून भागत न्हाई. आन् खवला नखानं निघाला पायजे, कातडं न फाटता. म्हनून झिंगा न्हाई, खेकडा न्हाई, मिशावाला मांगूर न्हाई, गुळगुळीत वांब न्हाई. रोहू, कटला, चिलापी चालतात. कातडं सोललेला तुकडा घ्यायचा न्हाई, कारन सोलल्यावर कोन काय हुता ते कळत न्हाई. मटनाच्या भांड्यात मासा शिजवायचा न्हाई. बास. येवढंच हाय. एवढ्याला लोकांनी पुस्तकं लिहिलीत.

आमाला मासा का लागतो तेबी सांगतो. बोकड-कोंबडी कापायला आमचा शिकलेला मानूस लागतो, आन् त्यो पुन्याहून यायचा, महिन्यातनं एकदा, तेबी एस.टी. चुकली न्हाई तर. माशाला असलं काय लागत न्हाई. पान्यातनं काढला की झालं. म्हनून भिंगारात आमच्या घरी शुक्रवार म्हंजे मासा. आजा अलिबागकडनं पलटनीबरोबर हितं आला तवापासनं.

सगळा घोळ ह्या आज्याचा. त्याला सरंगा, सुरमई, बांगडा ठाऊक. नदीचा मासा त्यानं जन्मात बगितला नव्हता. हितल्या बाजारात त्याला मरळ दिसली. लांब, काळी, डोकं सापासारखं, पान्याबाहेर तासभर जिवंत. आजा म्हनला, "ह्यो साप हाय. ह्ये आपल्या घरात येनार न्हाई." हात लावून बगितलं न्हाई, चार फुटावरनं निकाल दिला. तो निकाल माझ्या बापानं पाळला आन् मी पाळला. मरळ दिसली की आमी तोंड फिरवायचो. ऐंशी वर्षं तोंड फिरवलेल्या मानसाला खवले कसे दिसनार?

कलम ४. माझी मुलगी ज्योती. तिनं २००३ साली कोल्हारच्या जस्टिनशी लग्न केलं. त्यो मास्तर, ख्रिस्ती. मी बोंबललो, मंग गप बसलो. लग्न मी गिळलं. ह्ये मुद्दाम लिहितो, कारन पुन्याचे नातेवाईक अजून सांगत्यात की मी लग्नावरनं पोरगी तोडली. न्हाई. मी तिला ताटावरनं तोडलं, ते जास्त वंगाळ.

लग्नानंतर तिच्या सासरी जेवायला गेलो. व्याह्यानं पोरीला विचारलं, "तुझे वडील काय खात्यात?" ती म्हनली, मटन आपल्या हातचं खानार न्हाईत, पर-खवल्याचा मासा खातील. तर ह्यो भला मानूस पहाटे प्रवरेवर जाऊन, स्वतः उभा राहून मासा घेऊन आला. त्यांच्यात मानाच्या पाव्हन्याला मरळ करत्यात. विहीनबाई स्टेलाताई, तिनं नवं पातेलं काढलं हुतं, ज्यात कधी मटन शिजलं न्हाई असं. येवढी काळजी माझ्या सख्ख्या चुलत्यानं घेतली नव्हती.

ताट समोर आलं. मी विचारलं, "कुठला मासा?"

"मरळ," जस्टिन म्हनला. खुशीत.

मी ताट सरकवलं. "आमी साप खात न्हाई."

ज्योती म्हनली, "पप्पा, खवले हाईत तिला. मी माझ्या हातानं काढलेत."

"खोटं बोलू नको."

"पप्पा, मोरीत पडलेत अजून. दाखवते, चला."

"सासरची झालीस की दोन महिन्यांत. आता मला धर्म शिकव."

मी उठलो. स्टेलाताई पदरानं डोळे पुसत हुत्या. मोरी दहा पावलांवर हुती. दहा पावलं चाललो असतो तर ह्ये कलम लिहावं लागलं नसतं. मी चप्पल घातली आन् एस.टी. स्टँडवर गेलो. ज्योती फाटकापर्यंत आली आन् म्हनली, "मला खोटी म्हनलात ना. तुमी माझ्या हातचं जेवाल तवाच मी तुमच्या दारात पाय ठेवीन." माझीच पोरगी. तिनं बावीस वर्षं पाय ठेवला न्हाई. आई गेली तवा पुन्याला कब्रस्तानात आली, माती दिली, आन् बाहेरच्या बाहेर परत गेली.

दीनाचंबी लिहून ठेवतो. ती दर महिन्याला "डोळे दाखवायला" जायची. पंधरा वर्षं गेली. चष्म्याचा नंबर एकदाबी बदलला न्हाई. मला वाटायचं डॉक्टर लुटतोय. ती कोल्हारला जायची आन् पोरीच्या हातची मरळ खाऊन यायची, ह्ये मला ती गेल्यावर कळलं. दीना, तुला माफ हाय. तू बरोबर हुतीस, ह्येच जास्त लागतं.

कलम ५. गेल्या महिन्यात भिंगारच्या बाजारात मनकर्णाकडं गेलो. ती भोयाची, तीस वर्षं आमाला मासा देती. मी घरनं माझी सुरी घेऊन जातो, तिच्या सुरीवर मांगूर कापलेला असतो म्हनून. बाजार हसतो. हसू दे. त्या दिवशी रोहू संपला हुता, पाटीत नुसती मरळ.

मी तोंड फिरवलं. ती म्हनली, "बाबा, तीस वर्षं झाली, मरळ दिसली की तुमी नवरीवानी लाजताय. हिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"आमच्यात खवल्याबिगर चालत न्हाई."

"मंग ह्ये काय हाय, टिकल्या?"

तिनं मासा माझ्या हातात कोंबला. मी नख लावलं. खवला निघाला. चांगला मोठा, अंगठ्याच्या नखायेवढा. कातडं फाटलं न्हाई. दुसरा काढला. तिसरा काढला. पर बगितले, वर लांबच लांब, खालीबी.

"मने, ह्यो साप न्हाई?"

"साप तुमच्या डोक्यात हाय, बाबा. आता घेताय का गिऱ्हाइकाला जागा देताय?"

मी तिथंच गोनपाटावर बसलो. लोकांना वाटलं चक्कर आली.

रात्री एलीला फोन केला. त्यानं तिथल्या शिकलेल्यांना विचारून सांगितलं, "पप्पा, मरळ चालते. कायमच चालत हुती." कायमच! ह्यो शब्द त्यानं दोनदा म्हनला. त्याला काय जातं.

म्हनून भिंगारचं घर, दोन खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर, मागचं लिंबाचं झाड आन् सगळी भांडी, ह्ये मी ज्योती जस्टिन हिला देतो. वकील म्हनला, अट घाला, धर्म पाळंल तर, विकनार नसंल तर. मी म्हनलं, मी एक अट पाळली, आज्यानं घातलेली, तिचं काय झालं बगा. अट न्हाई. तिनं ऱ्हावं, विकावं, न्हाईतर आत मरळी पाळाव्यात.

कलम ६. माझी हत्यारं, पाने, कानशी, व्हाइस, ही मनकर्णाचा पोरगा अजिनाथ याला. त्यो गाड्या दुरुस्त करतो, वाईट करतो, पन हत्यारं चांगली मिळाली तर सुधरंल. माझी माशाची सुरी मनकर्णाला. तिच्यावर वांब कापू नको म्हनायला मी काय बगायला येनार न्हाई.

दोघांना काय काय मिळतंय म्हनून दोघांची साक्ष चालत न्हाई, असं वकील म्हनतो. मनकर्णाला ह्ये सांगायला गेलो तर तिनं कागद वाचून घेतला आन् माझ्यावरच उखडली. "ज्योतीताईला ह्ये कवा कळनार?"

"मी मेल्यावर. मृत्युपत्र असतंय त्ये."

"म्हंजे ती वाचंल तवा तुमी मातीत. मंग ती भांडनार कुनाशी? माफी मागायची तर तोंड असताना मागा की. कागदाला काय तोंड हाय?"

मी म्हनलं, आमच्यात रीत न्हाई. ती म्हनली, रीत गेली चुलीत.

इथवर मंगळवारी लिहिलं. सही केली न्हाई.

कलम ७. ह्ये आज गुरुवारी, कोल्हारात बसून लिहितोय.

सकाळच्या एस.टी.नं आलो. दार ज्योतीनं उघडलं. केस पांढरे झालेत तिचे. मला ठाऊक नव्हतं.

"कशाला आलात?"

"कागद हाय. सही राहिलीय."

तिनं उभ्यानं सगळा वाचला. मला बस म्हनली न्हाई. गुडघा बोंबलत हुता. आईच्या चष्म्याचं आलं तिथं जरा थांबली, मंग पुढं वाचलं.

"घर कुनी मागितलंय?"

"कुनी न्हाई."

"मी खोटं बोलले हुते का?"

"न्हाई."

"मोठ्यानं."

"न्हाई बोललीस! खवले हुते! पर बी हुते! मी गाढव हुतो!"

शेजारची बाई वाळवनावरनं उठून बगायला लागली. आतनं जस्टिनचा आवाज आला, "पप्पा, गल्लीला कळलं. आता आत या."

मरळ बिरळ काय नव्हती. गुरुवारी कोन करतं? मेथीची भाजी हुती आन् भाकरी. भाजीत मीठ लई पडलं हुतं. मी दोनदा मागून घेतली आन् मिठाचं अवाक्षर काढलं न्हाई. स्टेलाताई आता खाटेवर असतात. त्यांच्यापाशी बसलो. त्याच म्हनल्या, "जेवलात ना? बास."

ज्योती रविवारी भिंगारला येनार म्हनलीय. तवा ह्यो कागद लागू व्हायची कुनी घाई करू नये. रविवारी घर झाडायचं हाय, मला येळ न्हाई.

वरचं सगळं मी माझ्या हातानं लिहिलं, वाचून बगितलं, आन् खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांना माझ्याकडनं काडीबी मिळत न्हाई.

सही: शालोम हसाजी आष्टमकर

साक्षीदार १: रंगनाथ, ज्योतीच्या शेजारचे, राहनार कोल्हार. (सही)
साक्षीदार २: ज्ञानेश्वरी, वर वाळवनावरनं उठलेली ती हीच, राहनार कोल्हार. (सही)

स्थळ: कोल्हार, ज्योतीचं घर
तारीख: १३ फेब्रुवारी २०२५, जेवनानंतर