ठिपक्यांची रेघ

इत्तोक्कोर्तूर्मीत,
मंगळवार, सकाळ

प्रिय एनोस, माझ्या लेकरा आणि माझ्या दादा,

शेजारचा बोआस स्लेजला कुत्री जुंपून दारात उभा आहे आणि मी अजून लिहितेच आहे. "मावशी, पत्र आहे की बायबल? कुत्री दोर खायला लागली!" असं मघाशी ओरडून गेला. त्याला कॉफीचा तिसरा पेला दिलाय. तो डोंगरातल्या खिंडीतून येईल आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या तंबूंशी पोचेल. तुम्ही निघणार शुक्रवारी सकाळी. म्हणजे मधे एकच रात्र आहे, आणि वारं सुटलं तर तीही नाही. माझ्या जिवात जीव नाही रे.

रविवारी फोनवर तुला म्हटलं, खाडीच्या त्या फाट्याच्या तोंडातून, बर्फावरून येऊ नका, खिंडीतून या, तर तू हसलास. "आई, खिंडीतून दोन दिवस जास्त लागतात. आणि नकाशावर वाट दाखवलीय की! आजोबांनीच दाखवलेली." मागून तू फिरवायला नेलेले ते दोन पाहुणेही हसले आणि फोन तुटला, तो तेव्हापासून लागत नाही. तुझे बाबा म्हणतात, "बॅटरी संपली असेल, उगाच घोर लावून घेऊ नकोस." स्वतः मात्र दोन दिवस सीलचं सूप अर्धं टाकून उठताहेत आणि दर तासाला बाहेर जाऊन वारा बघताहेत.

तुला दोष कसा देऊ? बाराव्या वर्षी तुला शिकायला लांब पाठवलं आम्हीच. ही आपली खाडी, हा फियॉर्ड, तू पुस्तकातून शिकलास. सुट्टीत आलास की मलाच धडे द्यायचास, साडेतीनशे किलोमीटर लांब, दीड हजार मीटर खोल, आणि मी सील सोलता सोलता हूं हूं करायची. दोनशे वर्षांपूर्वी देवमासे मारणारा एक इंग्रज कप्तान इथे आला, त्याला किनाऱ्यावर ओस पडलेली घरं दिसली, माणूस एकही दिसलं नाही, आणि तो अख्ख्या फियॉर्डला आपल्या बापाचं नाव देऊन गेला. हे तू सांगितलंस तेव्हा तुझी आजी म्हणाली, "बरं झालं, सासूचं नाही दिलं." त्याच्यामागून जो जो आला त्यानं एकेका टोकाला कुणाचं तरी नाव चिकटवलं. आपल्या माणसांना १९२५ साली दक्षिणेकडून बोटीनं आणून इथे वसवलं. त्यांनी जागांना नावं दिली ती पोटापाण्याची आणि जिवाच्या भीतीची. इथे सील वर येतात. इथे कुत्र्यांना पाणी मिळतं. इथे बर्फावर विसंबू नये.

त्या फाट्याचं तोंड किती अरुंद आहे ते तू पाहिलेलं नाहीस, कारण जाताना तुम्ही विमानानं उतरलात. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या फटीतून आत-बाहेर करतं आणि बर्फाला खालून खात राहतं. वरून ताजं हिम पडलेलं असतं, दिसायला अगदी घरच्या अंगणासारखं. कुत्री तिथे शेपट्या पाडून थांबतात. तुमच्या स्नोस्कूटर थांबणार नाहीत.

माझा दादा त्याच तोंडात गेला. मार्च महिना होता, त्याला घरी यायची घाई होती, कुत्री नको म्हणत असताना त्यानं चाबूक वाजवला असणार. अकरा कुत्री घेऊन गेला होता, दोन परत आली, तीही भिजून गोठलेली. त्यानंतर दहा महिने घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत जिभेवर आणायचं नाही. पाद्री काहीही म्हणोत, तुझ्या आजीपुढे कुणाची टाप होती? जानेवारीत तू झालास. तिनं तुझ्या कानाशी ते नाव उच्चारलं आणि ढसाढसा रडली. आपल्यात नावाबरोबर माणूसही परत येतो, म्हणून तर मी तुला रागावतानाही दादा म्हणते, आणि तू लहानपणी चिडायचास, "मी तुझ्यापेक्षा लहान आहे!" म्हणून.

शाळेत लावलेल्या त्या नकाशाचा तुला केवढा अभिमान! खालच्या कोपऱ्यात तुझ्या आजोबांचं, माझ्या वडिलांचं नाव छापलंय, वाटाड्या म्हणून. तू मित्रांना ओढत ओढत न्यायचास. तुझ्या एक गोष्ट लक्षात आली नसेल. आजोबांनी तो नकाशा एकदाच पाहिला, त्या फाट्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि नंतर मरेपर्यंत त्या शाळेची पायरी चढले नाहीत. नाताळात तू गाणार होतास, तरीही आले नाहीत. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत.

बोआसनं पुन्हा हाक मारली. आता सांगतेच. दादा गेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नकाशा करणारे मोजणीवाले जहाजातून आले. तू माझ्या पोटात होतास. मला डॅनिश येत होतं, म्हणून दुभाषी मी. तंबूत नकाशा पसरलेला, आणि त्या साहेबानं फाट्याच्या तोंडावरून बोट फिरवत विचारलं, "हिवाळ्यात स्लेज इथूनच जातात ना?" मी आजोबांना विचारलं. त्यांनी नाक आक्रसलं. आपल्यात यापरता मोठा नकार कुठला? पण तो माणूस शब्दाची वाट बघत होता, त्याला ते दिसलंच नाही. मला दिसलं. मी "नाही" म्हटलं असतं तर त्यानं "का?" विचारलं असतं, आणि त्या "का"चं उत्तर म्हणजे ते नाव होतं. माझी जीभ उचलली नाही. त्यानं माझ्या गप्प बसण्याला होकार समजून पेन्सिलीनं ठिपके ठिपके काढले. माझ्या डोळ्यांदेखत काढले रे. तू जन्मल्यावर मी कळवू शकले असते, पण लाज वाटली, आणि मनाशी म्हटलं, आपल्यातला कोण नकाशा बघून घराबाहेर पडतो? अठ्ठावीस वर्षं हे तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. नुसतं "येऊ नको" म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, आजोबांच्या शब्दावर तुझा विश्वास आहे. तर ऐक, आजोबांचा शब्द "नाही" असा होता. ती रेघ त्यांची नाही, माझी आहे. हे तुझ्या पाहुण्यांनाही वाचून दाखव, माझी शरम धरू नकोस. मग माझ्यावर हवा तेवढा राग धर, जन्मभर बोलू नकोस. एक भाऊ मी तिथे घालवलाय. तू खिंडीतून ये.

तुझीच,
आई, आणि धाकटी बहीण
आपेलोने