दोनपर्यंत उघडी ठेवलेली खिडकी

प्रिय भिंग,

त्या दिवशी फोनवर तू भरभरून बोलत होतीस आणि मी नुसती हं हं करत होते, तेव्हा तुला वाटलं असेल, मास्तरणीला सर्दी झालीय. तसं तू विचारलंसही, आणि मी हो म्हणाले. सर्दीबिर्दी काही नव्हती. त्या फोनला आज चार दिवस झाले. रोज सकाळी टेबलाशी बसते, 'प्रिय भिंग' एवढं लिहिते आणि उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते. कुंड्या सडायच्या बेतात आल्या, म्हणून आज ठरवलंय की पत्र संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

तुझा गुडघा कसा आहे? लेक आता दुकान बघते म्हणतेस, पण तू रोज जाऊन त्या उंच स्टुलावर बसतेसच, म्हणजे दुकान कोण बघतं ते मला ठाऊक आहे. मला नवा चष्मा लागलाय. इथल्या दुकानातली मुलगी यंत्रात डोळे घालायला सांगते आणि एक अक्षर न बोलता नंबर काढून देते. तुझं आपलं एकेक काच धरून 'आता? आणि आता?' चालायचं. पहिल्यांदा डोकं दुखतं म्हणून तुझ्याकडे आले, तेव्हा तक्ता वाचायचा सोडून मी तुला दुकानाची पाटी दाखवली होती, की 'दृष्टी'तली 'टी' दीर्घ हवी. तू काच खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "डोळे ठणठणीत आहेत बाई, दुखणं वरच्या मजल्यावर आहे." त्या दिवसापासून मी मास्तरीण आणि तू भिंग.

मी वर्तमानपत्रात प्रुफं तपासायची, तू भिंगं घासायचीस. दोघी लिहितो हे एकमेकींना कळायला सहा महिने लागले, जणू काही रोगच लपवत होतो. मग दर शुक्रवारी संध्याकाळी चहावाल्याच्या मागच्या टेबलाशी आपलं साहित्य संमेलन भरायचं, दोन लेखिका आणि श्रोता कुणीच नाही. साहित्य मंडळाच्या विभागीय पुरस्काराची जाहिरात आधी माझ्याच हाताखालून गेली. अप्रकाशित पहिलं पुस्तक, टाईप केलेल्या तीन प्रती, लेखकाचं नाव आत कुठेही नको, आणि विभागात दहा वर्षं राहिल्याचा दाखला. निवडलेलं पुस्तक मंडळ छापणार. ते वाचून तू म्हणालीस, "राहता येतं याचा दाखला मागतात, लिहिता येतं याचा कुणी मागत नाही." तरी आपण दोघींनी दाखले काढले. एकाच वर्षी, एकाच गटात. जिला मिळेल तिने दुसरीला वर्षभर चहा पाजायचा, असं ठरलं होतं.

शेवटची तारीख आली आणि आदल्या दिवशी तुझ्या बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तुला आठवत असेल, त्या हिरव्या भिंतींच्या व्हरांड्यात बाकावर बसून तू अर्ज भरलास. एकीकडे नर्स औषधाची चिठ्ठी पुढे करत होती, दुसरीकडे तू पेन झटकत होतीस. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणालीस, "चिकटवलं नाहीये. जाताना बसमध्ये ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघ, तुझा दोन तासांचा प्रवास सुखाचा होईल."

तो प्रवास मला अजून तपशीलवार आठवतो. उजवीकडची खिडकी, पुढच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन, हातात पेन्सिल. पहिल्या पानावर मी दोन वेलांट्या सुधारल्या. त्यानंतर पेन्सिल कुठे घरंगळली ते कळलंच नाही. तुझा तो बसचालक, एका डोळ्याने दिसेनासं झालेला, नोकरी टिकावी म्हणून डोळ्यांचा तक्ता पाठ करणारा. भांडी घासणाऱ्या बायकोला तो ओळी म्हणून दाखवतो आणि ती चूक काढते. आणि ती दुकानातली मुलगी, जिला कळतं की हा माणूस वाचत नाहीये, आठवतोय, आणि तरी ती त्याच्या कागदावर 'ठीक' लिहिते. शुक्रवारी तू तुकडे वाचून दाखवायचीस तेव्हा मी 'छान आहे, पण पसरट होतंय' म्हणायची. सलग वाचलं तेव्हा त्यात एक ओळ पसरट नव्हती. चाळीस पानं झाली आणि मी पाकीट मिटलं. भिंग, मला आनंद नाही झाला. मांडीवर माझंही बाड होतं. सगळे ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी असलेलं.

मंडळाच्या कचेरीत खिडकीमागे एक वयस्कर कारकून होते. माझं पाकीट त्यांनी तपासलं, शिक्का मारून पोच दिली. तुझं उघडलं आणि अर्ज माझ्याकडे वळवला. दुसऱ्या पानावर, 'हे लेखन माझेच आहे' याच्याखाली, तुझी सही नव्हती. व्हरांड्यातल्या त्या गडबडीत राहून गेली होती. मी सांगितलं, मैत्रिणीचे वडील दवाखान्यात आहेत. पाकीट माझ्याकडे परत सरकवत ते म्हणाले, "नियमाने आज शेवटचा दिवस. पण उद्या बारापर्यंत सही घेऊन या. मी आजच्या तारखेत घेतो. वडिलांचं बघू दे त्यांना आधी." इतका भला माणूस, भिंग. उद्या बारापर्यंत. त्याच संध्याकाळी तू मला भेटणार होतीस, आणि पहाटेची बस होती. एका सहीचा तर प्रश्न होता.

परतीच्या बसमध्ये मी पाकीट उघडलं नाही. स्टँडवरून थेट दवाखान्यात आले. तू बाबांच्या पायाशी बसून संत्रं सोलत होतीस. विचारलंस, "दिलंस?" आणि मी म्हणाले, "दिलं." माझं दिलं होतं, तेव्हा शब्दाला शब्द खरा होता, अशी समजूत पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची घातली. आणखीही समजुती होत्या. अशा वेळी तिला कशाला त्रास, अर्ज तिचाच अपुरा, पुढच्या वर्षी देईलच की. पण 'दिलं' म्हणताना यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की दोन्ही पाकिटं त्या खिडकीतून आत गेली, तर माझं बाहेर येणार नाही.

बाबा आठवड्याभरात घरी आले. चार महिन्यांनी मला पुरस्कार मिळाला. तू पहिल्या रांगेत बसून इतक्या टाळ्या वाजवल्यास की शेजारची बाई वळून बघत होती. समारंभ आटोपल्यावर ते कारकून मला जिन्यात भेटले. अभिनंदन केलं आणि अगदी सहज म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीची सही आली नाही शेवटी. मी दोनपर्यंत खिडकी उघडी ठेवली होती." तू खाली दारात माझा हार सांभाळत उभी होतीस. मी त्यांना म्हटलं, तिचा विचार बदलला. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा फार सोपं जातं.

आणि खरा घाव त्यानंतरचा आहे. मंडळाने त्या वर्षी प्रत्येक स्पर्धकाला परीक्षकांच्या अभिप्रायाचं कार्ड पाठवलं. तू महिनाभर पोस्टमनची वाट पाहिलीस. मग एका शुक्रवारी म्हणालीस, "तिघांनी वाचलं आणि तिघांनाही एक ओळ लिहावीशी वाटली नाही. जाऊन विचारू का?" तुला आठवतं मी काय म्हणाले ते? "असं विचारायला जाणं बरं दिसत नाही. हसतील." तू मान डोलावलीस. माझ्या शब्दावर तुझा केवढा विश्वास! तू गेली असतीस तर पाचव्या मिनिटाला सगळं उघडं पडलं असतं. त्या भीतीपोटी मी तुला पटवलं की तू हसण्याजोगी आहेस.

त्यानंतर शुक्रवारी तू वही आणेनाशी झालीस. विचारलं की म्हणायचीस, दुकानात काम फार आहे. वर्षभराने माझा दुरुस्तीला टाकलेला चष्मा तू कागदात गुंडाळून दिलास, तो घरी येऊन उलगडला, तर कागद तुझ्या मूळ वहीतला होता. पान सत्तावीस, बसचालक आणि बायको. दुसऱ्या दिवशी धावत आले तेव्हा वही संपली होती. तू हसून म्हणालीस, "कागद जाड आहे, काचेला ओरखडा येत नाही." मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या घरी तीन टाईप केलेल्या प्रती होत्या. मी चहा मागवला.

पुढची माझी सात पुस्तकं तू वाचलीस, प्रत्येकाच्या दोन प्रती विकत घेतल्यास. कदाचित त्या वर्षी तुला पुरस्कार मिळालाही नसता. परीक्षकांचं काय सांगावं. हा विचार मी एकतीस वर्षं रोज औषधासारखा घेतला, पण गुण आला नाही. कारण तुला तो मिळाला नसता तर कार्ड मिळालं असतं, आणि कार्डावर काहीही असतं तरी तू लिहीत राहिली असतीस. तू तशीच होतीस. त्या तिन्ही प्रती या पत्राबरोबर आजच माणसाच्या हाती पाठवतेय. पहिल्या पानावरच्या दोन वेलांट्या सोडल्या, तर मी कशालाही हात लावलेला नाही. क्षमा मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको.

आता हे आजच का, ते सांगते. मंडळाने यंदाचा गौरव पुरस्कार मला द्यायचं ठरवलं, आणि माझ्याबद्दल बोलायला मला न विचारता तुला बोलावलं. त्या फोनवर तू आनंदाने सांगत होतीस की इतक्या वर्षांनी पहिल्यांदा टेबलाशी बसून चार पानं लिहिलीस. मग तू सुरुवात वाचून दाखवलीस: "माझे वडील दवाखान्यात होते त्या दिवशी, माझ्या विरुद्ध स्पर्धेत उतरलेल्या या बाईने माझं हस्तलिखित स्वतःच्या हाताने नेऊन दिलं. मैत्री म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं." आज सकाळी मी मंडळाच्या चिटणिसांना कळवलं की पुरस्कार मला घेता येणार नाही. कारण सांगितलं नाही, कारण त्यात तुझं नाव येतं, आणि ते सांगायचं की नाही हे तू ठरवायचं. चिटणीस आज ना उद्या तुला फोन करतील, आणि तू माझी बाजू घेऊन त्यांच्याशी भांडशील, ती चार पानं त्यांनाही वाचून दाखवशील. ते पहिलं वाक्य तुझ्या तोंडून आणखी कुणीही ऐकण्याआधी हे पत्र तुला मिळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच, हे खोडावं की ठेवावं ते तू ठरव,
मास्तरीण